कंडक्टिंग पॉलिमरला डोपामिनने चिकटवताय? या चुका टाळा

कंडक्टिंग पॉलिमरवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकवर, काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक लॅबमध्ये एक तक्रार ठरलेली असते. फिल्म छान पडते, कोरडी असेपर्यंत कंडक्टिव्हिटीही मनासारखी येते, आणि सलाइनमध्ये बुडवली की कडेने सुटायला लागते. पेडॉट:पीएसएसच्या बाबतीत, म्हणजे पेडॉट हा वाहक पॉलिमर आणि त्याला पाण्यात धरून ठेवणारा पीएसएस यांच्या जोडीत, तर हे हमखास होतं. त्यातला पीएसएस पाणी ओढून फुगतो, खालचं सोनं किंवा काच फुगत नाही, आणि दोघांमधली पकड तेवढा ताण सोसत नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘डोपामिन घालून बघ.’

सल्ला वाईट नाही. समुद्रातले शिंपले ओल्या, खाऱ्या, लाटा झेलणाऱ्या खडकाला चिकटतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचे शिनाणे हे त्याच कुळातले. युरोप-अमेरिकेतल्या मायटिलस जातीच्या शिंपल्यांवर हर्बर्ट वेट यांनी अनेक वर्षं काम केलं, तेव्हा त्यांच्या चिकट प्रथिनांमध्ये डोपा नावाचं अमिनो आम्ल भरपूर सापडलं. डोपाच्या टोकाला कॅटेकॉल असतो, म्हणजे शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेली बेंझीनची कडी. डोपामिनमध्ये हाच कॅटेकॉल आहे आणि जोडीला एक अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेला गट. २००७ मध्ये फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने दाखवलं की डोपामिनच्या अल्कधर्मी द्रावणात जवळजवळ कुठलीही वस्तू बुडवली तरी तिच्यावर पॉलिडोपामिनचा पातळ थर बसतो. त्या पेपरातली कृती आज सगळ्यांना पाठ आहे: मिलिलिटरला २ मिलिग्रॅम डोपामिन हायड्रोक्लोराइड, १० मिलिमोलर ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारा बफर), पीएच ८.५.

अडचण इथूनच सुरू होते. ही कृती टेफ्लॉन, काच, धातू यांच्यासाठी होती. कंडक्टिंग पॉलिमर त्यांच्यासारखा गप्प बसणारा पदार्थ नाही. त्याला वीज वाहून न्यायची तर ऑक्सिडाइज्ड, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेल्या, ‘डोप’ केलेल्या अवस्थेत राहावं लागतं (या ‘डोप’चा डोपामिनशी संबंध नाही), आणि काहींना आम्लधर्मी वातावरणही लागतं. कॅटेकॉलचा स्वभाव बरोबर उलटा. तो इलेक्ट्रॉन द्यायला टपलेला असतो, आणि अल्कधर्मी पाण्यात तर त्याला धीरच धरवत नाही. खालच्या बहुतेक चुका या ओढाताणीकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

पीएच ८.५ सगळ्यांना चालतो असं धरून चालणं

सर्वांत महागात पडणारी चूक पॉलिअ‍ॅनिलिनवर होते. या कंडक्टिंग पॉलिमरचं वाहक रूप, एमराल्डिन सॉल्ट, गडद हिरवं असतं. ते ट्रिस बफरमध्ये बुडवा आणि रंगावर नजर ठेवा. कडेपासून निळेपणा आत सरकायला लागतो आणि थोड्या वेळात सगळी फिल्म निळी होते. प्रोटॉन निघून गेले, सॉल्टचा बेस झाला, आणि कंडक्टिव्हिटी नऊ-दहा घातांनी कोसळली. यात डोपामिनचा काही दोष नाही. नुसत्या बफरनेही हेच झालं असतं. विद्यार्थी मात्र वहीत लिहितात, ‘पॉलिडोपामिनच्या थरामुळे रोध वाढला.’

पॉलिअ‍ॅनिलिनवर वरून थर द्यायचाच असेल तर अल्कधर्मी मार्ग सोडा. अमोनियम परसल्फेट किंवा सोडियम पिरियोडेटसारखा ऑक्सिडंट घेतला तर डोपामिनचं पॉलिमर आम्लधर्मी ते न्यूट्रल पाण्यातही बनतं. पिरियोडेटने पीएच ५ ला चांगला वेग मिळतो. दुसरा मार्ग म्हणजे थर दिल्यावर फिल्म सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धरून पुन्हा डोप करणं. त्यात गेलेली कंडक्टिव्हिटी बरीचशी परत येते, पण ते उपकरण पुढे शरीरातल्या पीएच ७.४ ला वापरायचं असेल तर या कसरतीला अर्थ नाही. तिथे पॉलिअ‍ॅनिलिन निवडलं हीच मुळातली चूक.

पॉलिपायरोल पीएचच्या बाबतीत बरंच सोशिक आहे, पेडॉट त्याहून सोशिक. पण पेडॉटची नस वेगळीच. अमाइन आणि कॅटेकॉल दोघेही त्याला रिड्यूस करू शकतात (इलेक्ट्रॉन देऊ शकतात), म्हणजे आपण मेहनतीने टिकवलेलं डोपिंग तेच उतरवतात. याचीही खूण डोळ्यांना दिसते. डोप केलेलं पेडॉट फिकट आकाशी, जवळजवळ पारदर्शक असतं. रिड्यूस झालं की गडद निळं-जांभळं होतं. यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटरवर ६०० ते ६५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात शोषण वाढलेलं आणि ९०० च्या आसपासचं घटलेलं दिसलं, तर फिल्म बिघडली नाही, डी-डोप झाली असं समजा. पॉलिडोपामिनचा स्वतःचा तपकिरी रंग सगळ्या पट्ट्यात पसरलेला असतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, स्पेक्ट्रम काढाच.

बफर एकदा बनवला की विसरून जाणं

ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर हलतो, अंशाला साधारण ०.०२८ इतका. २५ अंशांना ८.५ लावलेला बफर विदर्भातल्या मे महिन्यात, एसी बंद पडलेल्या लॅबमध्ये ४० अंशांना ८.१ च्या आसपास येतो. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीत थंडगार असताना पीएच लावला तर चूक त्याच बाजूने, पण आणखी मोठी होते. मीटरमध्ये तापमानाची सुधारणा असते खरी, पण ती इलेक्ट्रोडच्या उतारापुरती. बफरमध्ये खरोखर झालेला बदल ती भरून काढत नाही. प्रयोग ज्या तापमानाला, पीएचही त्याच तापमानाला लावा.

याहून कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट म्हणजे या कृतीत बफर तोकडा आहे. मिलिलिटरला २ मिलिग्रॅम डोपामिन हायड्रोक्लोराइड म्हणजे जवळपास १०.५ मिलिमोलर, आणि ट्रिस फक्त १०. त्यातलाही काही भाग आधीच प्रोटॉन घेऊन बसलेला असतो. डोपामिन विरघळताच पीएच काही दशांशांनी उतरतो, आणि प्रक्रिया चालू राहिली की आणखी. ‘कालच्या बॅचला गडद थर बसला, आजच्याला फिकट’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं. डोपामिन घातल्यावर आणि शेवटी, असा दोन्ही वेळा पीएच नोंदवा. दोन मिनिटांचं काम आहे. ट्रिसची तीव्रता वाढवून प्रश्न सुटेल असं वाटतं, पण ट्रिसमध्येही अमाइन आहे आणि तो पॉलिडोपामिनच्या रचनेत शिरतो. तीव्रता बदलली तर थरही बदलतो, तेव्हा सगळ्या नमुन्यांना एकच ठेवा.

ऑक्सिजनचंही भान हवं. झाकण घट्ट लावलेल्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत थर नीट बसत नाही, कारण या कृतीत ऑक्सिडंट म्हणजे पाण्यात विरघळलेली हवाच.

चिकटणारा कोण आणि बांधणारा कोण, हे न ओळखणं

बहुतेक लेखांत एका ओळीत उरकलं जातं, पण सगळी युक्ती इथेच आहे.

कॅटेकॉल ऑक्सिडाइज झाला की क्विनोन होतो. कॅटेकॉल धातूच्या ऑक्साइडला पकडतो. क्विनोनची तिथली पकड ढिली असते, पण तो शेजारच्या रेणूंशी, अमाइनशी, थायोलशी (गंधक असलेल्या गटाशी) जोडला जाऊन जाळं विणतो. एक चिकटतो, दुसरा बांधतो. २००६ मध्ये मेसरस्मिथ यांच्याच गटाने एकेका डोपा रेणूला टायटॅनियाच्या (टायटॅनियम ऑक्साइडच्या) पृष्ठावरून अणुबल सूक्ष्मदर्शकाने ओढून पाहिलं. सुटायला सरासरी सुमारे ८०५ पिकोन्यूटन बल लागलं. डोपा ऑक्सिडाइज झालेला असताना सुमारे १८०.

शिंपला हे जाणून असल्यासारखा वागतो. चिकटण्याच्या क्षणी त्याचा पाय खडकावर टेकून आतली जागा बंद करतो आणि तिथे आम्लधर्मी वातावरण ठेवतो, बाहेर समुद्राचा पीएच ८ च्या आसपास असला तरी. शिवाय थायोल असलेलं एक प्रथिन सोबत सोडतो, जे ऑक्सिडाइज होऊ घातलेल्या डोपाला परत मूळ रूपात आणतं. म्हणजे खडकाला लागलेला डोपा ताजा राहतो, आणि मागचा भाग नंतर समुद्राच्या पाण्यात घट्ट होतो.

आपण काय करतो? डोपामिनचं द्रावण सकाळी बनवून ठेवतो आणि जेवणानंतर वापरायला घेतो. तोपर्यंत ते चहासारखं तपकिरी झालेलं असतं. त्यातला बराचसा कॅटेकॉल खर्च झालेला, आणि द्रावणात गोळा झालेले कण काचेवर बसायला तयार. डोपामिन कोरडं तोलून ठेवा आणि नमुना बुडवायच्या क्षणीच बफरमध्ये मिसळा. आधीचं द्रावण लागणारच असेल तर किंचित आम्लधर्मी पाण्यात, थंड आणि अंधारात ठेवा. पॉलिडोपामिन लावलेली पट्टीही आठवडाभर ड्रॉवरमध्ये ठेवून मग वर पेडॉट ओतू नका. त्याच दिवशी ओता.

हेच कारण पृष्ठभागालाही लागू होतं. टायटॅनियम, स्टेनलेस स्टील यांच्यावर ऑक्साइड असतो, आयटीओ (इंडियम-टिन ऑक्साइड) तर स्वतःच ऑक्साइड, म्हणून कॅटेकॉलला धरायला जागा मिळते. सोन्यावर तशी पकड मिळत नाही. सोन्यावर थर बसतो, पण स्टीलवर आलेली पकड सोन्यावरही येईल हे गृहीत धरू नका. आणि पृष्ठ आधी स्वच्छ करा. बोटाच्या तेलावर बसलेला पॉलिडोपामिन त्या तेलाला चिकटलेला असतो, इलेक्ट्रोडला नाही.

सगळं एकाच भांड्यात ओतणं

डोपामिन मोनोमरबरोबरच (ज्या सुट्या रेणूंपासून पॉलिमर बनतो त्यांच्यासोबत) घालून एका झटक्यात ‘चिकट आणि वाहक’ पॉलिमर मिळवायचा मोह सगळ्यांना होतो. जमतंही. पण तीन ठिकाणी फसगत होते.

पायरोल आणि फेरिक क्लोराइडच्या पद्धतीत लोहाचा हिशेब चुकतो. एका पायरोलला साधारण २.३ फेरिक आयन लागतात. डोपामिन मध्ये आला की तो लोहाशी कॉम्प्लेक्स बनवतो आणि त्याच लोहाकडून ऑक्सिडाइजही होतो. एका रेणूमागे किमान दोन इलेक्ट्रॉन जातात. जुन्याच प्रमाणात फेरिक घातलं तर पायरोलच्या वाट्याला कमी उरतं, उत्पन्न घटतं, आणि दोष ‘डोपामिनने कंडक्टिव्हिटी मारली’ असा लागतो. आम्लधर्मी द्रावणात फेरिक आणि डोपामिन भेटताच हिरवी छटा येते. ती एक लोह-एक कॅटेकॉल कॉम्प्लेक्सची. पीएच वाढला की दोन कॅटेकॉलचं निळं-जांभळं आणि पुढे तिनाचं लाल. हे रंग दिसले तर लोह कुठे अडकलंय ते कळतं.

विद्युत-रासायनिक पद्धतीत अडचण वेगळी. डोपामिन पायरोलच्या बऱ्याच आधी, कमी व्होल्टेजला ऑक्सिडाइज होतो. प्रमाण जास्त झालं तर पायरोलची पाळी येण्याआधीच इलेक्ट्रोडवर न वाहणारा पॉलिडोपामिन बसतो आणि करंट पडत जातो. डोपामिन सेन्सरवर काम करणाऱ्यांना हा इलेक्ट्रोड ‘मरण्याचा’ अनुभव चांगलाच ठाऊक असतो. माझा सल्ला, पायरोलच्या मोलच्या एक दशांशाहून कमी डोपामिनने सुरुवात करा आणि गॅल्व्हनोस्टॅटिकमध्ये (करंट स्थिर ठेवून) व्होल्टेजचा आलेख बघत राहा. व्होल्टेज चढत चालला तर थांबा. ईडॉट (पेडॉटचा मोनोमर) घेत असाल तर पाण्यात तो लिटरला जेमतेम दोन ग्रॅम, म्हणजे १५ मिलिमोलरच्या आसपास विरघळतो हे लक्षात ठेवा. तिथे ‘थोडं’ डोपामिनही प्रमाणात मोठं ठरतं.

तिसरी फसगत तयार पेडॉट:पीएसएसच्या शाईत डोपामिन घालताना होते. पीएसएसवर ऋण भार, आम्लधर्मी शाईत डोपामिनच्या अमाइनवर धन भार. प्रमाण वाढवलं की शाई दाट होते, मग गुठळ्या धरते, आणि स्पिन कोटिंगमध्ये (नमुना गरगर फिरवून थर देताना) धूमकेतूसारख्या रेघा उठतात. फिल्टरने गाळून काम भागवू नका. गाळणीत पेडॉटच अडकतं, आणि खाली आलेल्या शाईत नेमकं काय उरलं हे कुणालाच सांगता येत नाही.

डोपामिनऐवजी टॅनिक आम्ल हा पर्याय आहे. त्यात अमाइन नाही, त्यामुळे हा शेवटचा धोका कमी, शिवाय ते डोपामिनपेक्षा कितीतरी स्वस्त. २०१३ मध्ये फ्रँक कॅरुसो यांच्या मेलबर्नच्या गटाने टॅनिक आम्ल आणि फेरिक आयन एकत्र आले की क्षणात पातळ थर बसतो हे दाखवलं. हिरडा आणि लोखंडाच्या काळ्या रंगामागेही हेच नातं आहे. म्हणून कुणी आयुर्वेदिक दुकानातली हिरड्याची पूड उकळून वापरायला निघालं तर त्याला अडवा. त्यात निरनिराळे टॅनिन, साखरा आणि इतर बरंच काही असतं, आणि पुढच्या पुडीत ते वेगळं असतं.

मला विचाराल तर मिसळण्यापेक्षा थर वेगळे ठेवणं बरं: खाली पातळ पॉलिडोपामिन, धुऊन-वाळवून त्यावर कंडक्टिंग पॉलिमर. दोन्ही रसायनं आपापल्या पीएचमध्ये काम करतात आणि बिघाड झाला तर तो कुठे झाला हे शोधता येतं. धुण्यात कसर नको, कारण उरलेला ट्रिस वरच्या पेडॉटला सतावतो.

जाड थर म्हणजे घट्ट पकड, असं समजणं

पॉलिडोपामिन विजेचा वाहक म्हणून अगदीच कमजोर आहे, आणि कोरडा असताना तर जवळजवळ नाहीच. एका द्रावणात २४ तासांत ५० नॅनोमीटरपर्यंत थर बसतो. आधार म्हणून तेवढ्याची गरज नसते, पहिल्या काही तासांतला थर पुरतो. इलेक्ट्रोडवर काम असेल तर नुसता आधार-थर बसल्यावर एकदा इम्पीडन्स (एसी करंटला होणारा एकूण अडथळा) मोजा, मगच पुढे जा.

रात्रभर ठेवलेला नमुना काळाकुट्ट दिसतो तेव्हा खूश होऊ नका. पेट्री डिशमध्ये आडवा पडलेला नमुना द्रावणातले कण गोळा करतो. ते कण वरवर बसलेले असतात आणि वरची फिल्म त्यांच्यासकट निघून येते. नमुना उभा लटकवा किंवा काम करणारी बाजू खाली करा, आणि नंतर सोनिकेटरमध्ये थोडा वेळ धरून सैल माल झाडून टाका.

पुढच्या पायरीतलं द्रावकही तपासून घ्या. पेडॉट:पीएसएसमध्ये पाच टक्के डीएमएसओ (एक द्रावक, कंडक्टिव्हिटी वाढवण्यासाठी) घालणं नेहमीचंच, पण नुसत्या डीएमएसओमध्ये पॉलिडोपामिनचा थर झिजतो, आणि तीव्र अल्कलीत तर सुटतोच. संहत सल्फ्युरिक आम्लाने पेडॉटची कंडक्टिव्हिटी वाढवायचा बेत असेल तर आधी फक्त पॉलिडोपामिनची एक पट्टी त्यात बुडवून पाहा.

सुटलेली फिल्म फेकून देणं

सुटलेली फिल्म चिकटटेपने उचला आणि दोन्ही बाजूंनी बघा: टेपवर काय आलं, इलेक्ट्रोडवर काय उरलं. टेपवर निळं पेडॉट आणि इलेक्ट्रोडवर तपकिरी झाक उरली असेल तर पॉलिडोपामिनने धातू धरून ठेवला, वरचा जोड तुटला. आधार-थर शिळा झाला का, नीट धुतला का, ते तपासा. टेपवर निळं-तपकिरी दोन्ही आणि खाली चकचकीत धातू दिसला तर खालचाच जोड गेला. पृष्ठाची स्वच्छता आणि धातूची निवड बघा. दोन्हीकडे निळं असेल तर पेडॉटच आतून फाटलं. तिथे डोपामिन वाढवून काही होणार नाही. जीओपीएससारखा क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना बांधणारा रेणू) लागेल, आणि त्याबदल्यात थोडी कंडक्टिव्हिटी सोडावी लागेल. तपकिरी झाक डोळ्यांना दिसत नसेल तर पाण्याच्या थेंबाचा कोन किंवा एक्सपीएसमध्ये (पृष्ठावरची मूलद्रव्यं ओळखणाऱ्या एक्स-रे चाचणीत) नायट्रोजन बघा. पेडॉट आणि पीएसएस दोघांतही नायट्रोजन नाही, त्यामुळे तो दिसला तर पॉलिडोपामिनचाच धरा, फक्त ट्रिस पूर्ण धुऊन निघालेला असावा.

चाचणी कोरड्यात आणि दावा ओल्याचा

चौकड्या कापून टेप ओढायची चाचणी सोपी आहे, म्हणून सगळे तीच करतात. पण ती कोरड्या लेपासाठी आहे. कोरड्यात तर साधं पेडॉटही बऱ्यापैकी टिकतं. खरी परीक्षा पीबीएसमध्ये (शरीरातल्यासारख्या खाऱ्या बफरमध्ये), ३७ अंशांना, काही दिवस ठेवून, आणि जमलं तर विद्युत-रासायनिक सायकल चालवून. कारण सायकलमध्ये आयन आत-बाहेर होतात, फिल्म फुगते-आकसते, आणि जोड तिथेच थकतो.

कंडक्टिव्हिटी सांगताना जाडी कुठल्या अवस्थेत मोजली ते लिहा. फोर-पॉइंट प्रोबने शीट रोध मिळतो. फुगलेल्या फिल्मचा रोध घेऊन त्याला कोरड्या जाडीने गुणलं तर आकडा फसवा निघतो.

चार्ज साठवण्याच्या क्षमतेचे आकडे सर्वांत जास्त फसवतात. सायक्लिक व्होल्टामोग्रामचं (व्होल्टेज वर-खाली फिरवून काढलेल्या करंटच्या आलेखाचं) क्षेत्रफळ वाढलं की ‘डोपामिनमुळे क्षमता वाढली’ असं लिहिलं जातं. पण कॅटेकॉल-क्विनोनची जोडी स्वतःच इलेक्ट्रॉन देते-घेते, न्यूट्रल पाण्यात सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत साधारण ०.२ व्होल्टच्या आसपास. तिथे फुगवटा दिसला तर तो चार्ज पेडॉटचा नाही. पन्नासेक सायकलनंतर तो कमी होत गेला, तर वाढलेली क्षमता तेवढ्यापुरतीच होती.

या सगळ्यात कंट्रोल नमुना एकच नको. एक काहीच न लावलेला, आणि दुसरा डोपामिनशिवाय तितकाच वेळ तितक्याच पीएचच्या ट्रिसमध्ये ठेवून, तसाच धुऊन-वाळवलेला. दुसरा नमुना बहुतेक जण करतच नाहीत, आणि डोपामिनवर घेतलेल्या निम्म्या आक्षेपांचं उत्तर त्याच्याकडेच असतं.